फटफटीवरून वाईस

प्रवासवर्णन लिहावयाचें तर तें निदान काशी-रामेश्वराहून अलीकडचें नसावें, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं आम्हांस क्षमा करावी. आम्ही गेलों तें वाई गांव पुण्याहून जेमतेम नव्वद किलोमीटरांवर. सकाळीं निघालों आणि दिवेलागणीच्या सुमारास घरीं परत आलों. विशेष इतकाच कीं, बरोबर एकतीस जुन्या मोटारसायकली होत्या, वर आषाढाचा पाऊस होता, आणि आमच्या पाठीमागें बसल्या होत्या आमच्या थोरल्या वहिनी. त्यांचें वय पासष्ट.

वहिनींची हकीकत सांगण्यापूर्वीं गाडीची सांगणें भाग आहे. आमच्या दादांनीं ती १९७८ सालीं घेतली. येझ्दी, रंग तांबडा, दोहों अंगांस धुराचीं दोन चकचकीत नळकांडीं. तिचें कूळ मोठें लांबचें आहे. झेकोस्लोव्हाकियांत यानेचेक नांवाच्या कारखानदारानें १९२९ सालीं वाण्डरर ह्या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले आणि दोन्ही नांवांचीं पहिलीं अक्षरें जोडून ‘जावा’ हें नांव सिद्ध केलें. आमच्याकडे १९६०-६१ च्या सुमारास म्हैसुरास आयडियल जावा हा कारखाना निघाला; काढणारे इराणी आडनांवाचे. पुढें त्यांनीं गाडीस ‘येझ्दी’ हें नांव दिलें, तें इराणांतील यझ्द शहरावरून. म्हणजे यंत्र झेक, नांव इराणी, कारागीर म्हैसूरकर आणि स्वार सदाशिव पेठेंतला! १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. हीं दोन्ही नांवें २०१८ व २०२२ सालीं नव्या गाड्यांवर पुन्हां आलीं खरीं. परंतु त्या चार स्ट्रोकच्या, आणि जुन्या मंडळींच्या लेखीं त्या दत्तक.

जुन्या येझ्दीची एक खुबी अशी कीं, किक आणि गिअर ह्यांची दांडी एकच. ती आंत दाबून वर फिरविली म्हणजे किक होते. गाडी सुरू झाली कीं तीच खालीं येऊन गिअर होते. ह्या दांडीपुढें आम्हीं भल्याभल्यांस खजील झालेलें पाहिलें आहे. दुसरी खुबी म्हणजे तेलाची. ह्या इंजिनास वंगणाची निराळी सोय नाहीं. पेट्रोलांतच तेल मिसळून द्यावयाचें, लिटरमागें सुमारें ४० मिलिलिटर. कमी पडलें तर पिस्टन धरून बसतो, जास्त झालें तर प्लग काजळतो आणि मागून येणारा आपल्या कुळाचा उद्धार करतो. दादांनीं ह्या मापासाठीं औषधाची एक रेघांची बाटली ठेवली होती. घरांतील पोरांस खोकल्याचें औषध अंदाजानें मिळे. येझ्दीस मात्र मापानें.

दादा जाऊन सात वर्षें झालीं. गाडी तेव्हांपासून जिन्याखालीं होती. आतां आमचा वाडा दिवाळीनंतर पाडावयाचा ठरला असून नव्या इमारतींत प्रत्येक बिऱ्हाडास एका मोटारीपुरती जागा मिळणार आहे. तेव्हां जिन्याखालच्या ह्या सवाष्णीचें काय करावयाचें, हा प्रश्न एके रात्रीं जेवतांना निघाला. दादांच्या मुलानें बंगळूराहून फोनवर ‘आई म्हणेल तसें’ असें सांगून हात झटकले. आम्हीं भीत भीत वहिनींकडे पाहिलें. त्या ताटांत भात वाढीत होत्या. “विकून टाका, भावजी. लोखंडच तें,” असें म्हणून त्यांनीं वरणाचें भांडें पुढें केलें. ज्या गोष्टीबद्दल वादावादी होईल म्हणून आम्ही चार दिवस शब्द जुळवीत होतों ती अशी एका वाक्यांत मिटली, आणि त्यामुळेंच आम्हांस झोंप आली नाहीं.

आठवड्यानें त्या आपण होऊन म्हणाल्या, “विकण्यापूर्वीं एकदां मला वाईस नेऊन आणाल का? तिच्यावरूनच.”

वाई हें वहिनींचें माहेर. १९८० सालीं लग्नानंतर वऱ्हाड एस. टी. नें परतलें, पण पहिल्या माहेरपणाहून दादांनीं त्यांस ह्याच गाडीवरून आणलें होतें. त्यावरून आमच्या आजीनें तीन दिवस अबोला धरला होता, हें आम्हांस पक्कें आठवतें. कारण निरोप इकडून तिकडे पोंचविण्याचें काम आमच्याकडे होतें.

जुन्या जावा आणि येझ्दी बाळगणाऱ्यांचें एक मंडळ पुण्यांत आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारीं ह्या गाड्यांचे भक्त देशोदेशीं आपापल्या गांवीं एकत्र जमतात. त्या दिवशीं मंडळाची स्वारी भोर, मांढरदेवी, वाई अशी जाणार होती. मंडळांतील तरुणांनीं दोन रविवार खपून आमची गाडी बोलती केली. रबरी नळ्या आणि कार्बुरेटरमधील रबरें सगळीं बदलावीं लागलीं. आजच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें पाणी ओढून घेतें आणि जुनें रबर फुगवितें. त्या तरुणांतच एक साताऱ्याकडील कारखान्यांत नोकरीस असलेला सव्वीस वर्षांचा मुलगा होता. त्यानें काम करतां करतांच गाडी विकत मागितली. वहिनींनीं तें ऐकलें आणि चहाचे कप उचलून आंत गेल्या.

आई आतां अठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्यापुढें परवानगीसाठीं प्रकरण गेलें. आमच्या सौ. नें वयाचा, पावसाचा आणि गुडघ्यांचा मुद्दा मांडला, आणि तो खरोखर बिनतोड होता. आईंनीं झोपाळ्यावरून विचारलें, “साडी नेसून जाणार आहेस का?” वहिनी म्हणाल्या, “नाहीं, सुनेचा पंजाबी पोशाख आणला आहे.” “मग जा. तें डोक्याचें टोपडें विसरूं नकोस. आणि ढोल्या गणपतीला नारळ ने.” निकाल लागला.

सकाळीं सहा वाजतां कात्रजच्या अलीकडे सारे जमलों. कोणी डॉक्टर, कोणी बँकेंतले, एक निवृत्त मास्तर, एक गॅरेजवाला, कॉलेजांतील चारदोन पोरें, आणि स्वतः गाडी हांकणाऱ्या दोन स्त्रिया. नियम थोडे पण चांगले: शर्यत लावावयाची नाहीं, सर्वांत संथ गाडी म्होरक्याच्या लगेच मागें, सर्वांच्या शेवटीं हत्यारांची पिशवी घेतलेला गॅरेजवाला, आणि देवळाच्या किंवा दवाखान्याच्या गल्लींत इंजिन बंद करून गाडी ढकलीत न्यावयाची. सर्वांत संथ गाडी अर्थात् आमची ठरली. एकतीस किका एकदम बसल्या आणि निळसर धुराचा असा लोट उठला कीं, सकाळीं फिरावयास निघालेल्या एका गृहस्थांनीं नाकास रुमाल लावून आमच्याकडे पाहिलें. त्यांचें पाहणें न्यायाचेंच होतें. ह्या गाड्या वर्षांतून थोड्या दिवसच रस्त्यावर याव्यात, असें आमचेंही मत आहे.

कात्रजचा जुना घाट उतरून खेड-शिवापुरावरून आम्ही नसरापुराच्या बाजूस वळलों. बनेश्वराचें देऊळ झाडींत लपलेलें आहे. तें नानासाहेब पेशव्यांच्या वेळचें असून तेथें एक पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली तेव्हां तिकडील चर्चांच्या घंटा मराठ्यांच्या हातीं लागल्या आणि गांवोगांवच्या देवळांत गेल्या. वहिनी म्हणाल्या, “आमच्या मेणवलीची ह्याहून मोठी आहे.” माहेरच्या घंटेचासुद्धां अभिमान असावा, हें योग्यच आहे.

पुढें कापूरहोळावरून भोर. वाटेंत वेळवंडीवरील भाटघर धरण. पावसामुळें पैलतीर दिसत नव्हता, नुसतें राखी रंगाचें पाणी आणि राखी रंगाचें आकाश. भोर हें पंतसचिवांचें संस्थान होतें. शंकराजी नारायण सचिव हे राजाराम महाराजांच्या कठीण काळांत स्वराज्य राखणाऱ्यांपैकीं एक. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. राजवाडा अद्याप उभा आहे, आणि चित्रपटवाले तेथें वारंवार येतात, त्यामुळें दगडालाकडाचें तें वैभव पुष्कळांनीं न ओळखतां पाहिलेलें असतें.

आम्हांस मात्र राजवाड्याहून एस. टी. स्थानकासमोरील पोह्यांची गाडी अधिक जिव्हाळ्याची वाटली. तेथें पांचच मिनिटांत गाड्यांभोंवतीं पन्नास माणसें जमलीं. नव्या लाखालाखाच्या मोटारसायकलींकडे कोणी वळून पाहत नाहीं. पण ह्या फटफट्यांस पाहून फेटेवाले म्हातारे काठी टेकीत आले. एकानें आमच्या गाडीच्या टाकीवर हात ठेवला. “आमच्या थोरल्याकडं व्हती. दुधाच्या किटल्या बांधून रोज जायचा,” एवढें बोलून तो बराच वेळ हात न काढतां उभा राहिला. थोरला आतां कोठें आहे, हें विचारावें असें आमच्या मनांत आलें. पण वहिनींनीं आमची बाही ओढली. त्यांस आमच्याआधीं समजलें होतें.

भोर सोडल्यावर मांढरदेवीचा घाट लागतो, आणि ह्या प्रवासांतील खरी गोष्ट तेथेंच घडली. डोंगरावर काळूबाईचें ठाणें. पौषांतील यात्रेस येथें अलोट गर्दी होते; २००५ सालच्या यात्रेंत चेंगराचेंगरीनें शेकडों भाविक प्राणांस मुकले, तें वाचकांस आठवत असेल. आम्ही गेलों त्या दिवशीं मात्र डोंगरावर धुक्याखेरीज कोणी नव्हतें. दहा पावलांपलीकडचें दिसेना. पुढें एक एस. टी. कण्हत चढत होती आणि तिच्यामागें आम्ही पहिल्या गिअरमध्यें, पायरी पायरीनें. अर्धा घाट झाला असेल नसेल, इंजिनाचा सूर फुटला. दोनदां फट् फट् झालें आणि गाडी उभी राहिली.

आम्हीं किक मारून पाहिली. वीस वेळां मारली. मागून मंडळी आली. साताऱ्याचा तो मुलगा गुडघे टेकून कार्बुरेटर सोडावयास बसला. दुसऱ्या एकानें पेट्रोलांत पाणी गेल्याचें निदान केलें. तिसऱ्यानें इथेनॉलवर व्याख्यान आरंभिलें. पाऊस सर्वांच्या मानेवरून आंत शिरत होता आणि आम्हांस, खरें सांगावयाचें तर, लाज वाटत होती. दादांची गाडी आमच्या हातांत बंद पडली होती, आणि तीही त्यांच्या बायकोच्या देखत.

“कार्बुरेटर कशाला सोडतोस? प्लग काढ,” वहिनी बाजूच्या कठड्यावरून म्हणाल्या.

“काकू, प्लग नवाच टाकला आहे.”

“असेल. पण इतका वेळ गाडी रांगत होती. तेल जळलें नाहीं, प्लगवर बसलें. बंद होतांना आवाज कसा आला तो ऐकलास ना? पेट्रोल अडलें असतें तर ती हळूहळू मेली असती.”

प्लग निघाला तो काजळासारखा काळा आणि ओला. मग वहिनींनीं आपली पिशवी उघडली. ढोल्या गणपतीच्या नारळाखालून एक चपटी पत्र्याची डबी निघाली, दादांची. आंत जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेला एक प्लग, पॉलिश कागदाचा तुकडा आणि लहानसा पाना. प्लग तापवून, पुसून बसविला. दुसऱ्या किकेस गाडी बोलली. पोरांनीं टाळ्या वाजविल्या. एकीनें विचारलें, “काकू, तुम्हांला हें सगळें कसें ठाऊक?”

“तीस-पस्तीस वर्षें बॅटरी कोणी धरली, बाळ?” वहिनी म्हणाल्या. “धरणाऱ्यालाही दिसतंच कीं.”

दादा रात्रीं अंगणांत गाडी उघडून बसत आणि वहिनी विजेरीचा झोत धरून जवळ उभ्या राहत, हें चित्र आमच्या डोळ्यांपुढें शेंकडों वेळां आलेलें आहे. पण त्या चित्रांत वहिनी केवळ उजेड धरतात, अशीच आमची समजूत होती. ती चुकीची आहे, हें कळावयास आम्हांस मांढरदेवीच्या घाटापर्यंत यावें लागलें.

घाट उतरतांना दोनदां खांद्यावर टकटक झाली. “भावजी, मधून मधून मूठ पिळा.” उतारावर मूठ मिटून ठेवली म्हणजे पेट्रोल जात नाहीं, पेट्रोल नाहीं म्हणजे तेल नाहीं, आणि चाकें तर इंजिनास फिरवीतच असतात. आम्हांस हें दादांनींच शिकविलें होतें, आणि आम्ही विसरलों होतों.

धुकें संपलें आणि खालीं वाई दिसूं लागली. भाताचीं खाचरें, कौलारू आळ्या, आणि मधून गढूळ, भरून चाललेली कृष्णा. गणपती आळीच्या तोंडाशीं इंजिनें बंद करून एकतीस गाड्या आम्ही ढकलीत नेल्या. आळींतील मुलांस हा देखावा फार आवडला. ढोल्या गणपतीचें देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते ह्यांनीं १७६२ सालीं बांधलें. मूर्ति एका अखंड काळ्या दगडाची. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती केलेली आहे, म्हणजे पुराचें पाणी तिच्यावर आदळून दुभंगतें. त्या दिवशीं नदी बरीच वर आली होती. भिंतीच्या टोंकाशीं पाणी फाटून दोहों बाजूंस जातांना पाहिलें आणि बांधणाऱ्याच्या बुद्धीस मनांतल्या मनांत नमस्कार केला. आईंचा नारळ फुटला.

वाई ही विद्येचीही पेठ. प्राज्ञपाठशाळा येथलीच, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी येथलेच, आणि मराठी विश्वकोशाचें कामही येथूनच चाललें. वहिनींचे वडील शाळामास्तर. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला; तो घरीं आला तेव्हां त्यांनीं त्यास हळदकुंकू वाहून मगच उघडला, असें वहिनी सांगतात. तें घर गंगापुरींत होतें. आम्ही शोधीत गेलों. आतां तेथें चार मजल्यांची इमारत आहे, खालीं मोबाइल फोनचें दुकान. वहिनींनीं वर पाहिलें, दुकानाकडे पाहिलें, आणि म्हणाल्या, “चला, घाटावर जाऊं. घाट कोणी विकीत नाहीं.”

पाणी पायऱ्या गिळीत वर आलें होतें. आम्ही कोरड्या पायरीवर उभे राहिलों. येथेंच बसून त्यांनीं दादांस पहिल्यांदां गाडीचा आवाज ओळखून दाखविला होता म्हणे. गणपती आळींतून येणारी गाडी जावा कीं राजदूत, हें न पाहतां सांगावयाचें. “दहांतल्या नऊ बरोबर आल्या,” वहिनी म्हणाल्या. “दहावी त्यांनीं मुद्दाम चूक म्हणून सांगितली. तें मला वीस वर्षांनीं कबूल केलें.” नंतर त्या कांहीं बोलल्या नाहींत. आम्हीही छत्री धरून गप्प उभे राहिलों. तेवढें आम्हांस जमतें.

जेवणास खानावळींत पिठलें, भाकरी आणि ठेचा होता. वहिनींनीं साताऱ्याच्या मुलास आपल्या समोर बसविलें आणि अशी उलटतपासणी घेतली कीं, मुलगी दाखविण्याचे जुने कार्यक्रम आम्हांस आठवले. फरक एवढाच कीं, येथें परीक्षा वराची होती. गाडी उन्हांत उभी राहणार कीं सावलींत? घरीं कोण कोण आहे? तेलाचें माप कशानें घेतोस? तो चटचट उत्तरें देत होता. शेवटीं त्यांनीं विचारलें, “आणि घाट उतरतांना काय करतोस?”

मुलानें भाकरीचा तुकडा खालीं ठेवला. “खरं सांगूं, काकू? पेट्रोल वाचावं म्हणून मूठ मिटूनच उतरतों.”

“म्हणजे एक दिवस पिस्टन धरून बसेल,” वहिनी म्हणाल्या. पण दिवसभरांत प्रथमच मोकळ्या हंसल्या. मग आमच्याकडे वळून, “भावजी, ह्याला द्या. किंमत तुम्ही ठरविली त्यांतून पांच हजार कमी करा, बिचाऱ्याला टायर बदलावे लागतील. पण न्यावयाची ती दसऱ्यानंतर. दसऱ्याची पूजा आमच्या दारांत होते.” मुलानें उठून त्यांच्या पायांस हात लावला. आम्हांस वाटलें होतें कीं, हा निर्णय आम्ही घेत आहोंत.

मेणवली वाईहून तीन किलोमीटर. नाना फडणिसांस हें गांव १७६८ सालीं मिळालें आणि त्यांनीं येथें वाडा, घाट आणि मेणेश्वराचें देऊळ उभारलें. वाड्याचे सहा चौक आहेत. भिंतींवर जुनीं चित्रें आहेत, जीं ओलीनें हळूहळू पुसट होत चाललीं आहेत. पेशवाईचें मोठें दप्तर ह्याच वाड्यांत सांपडलें. तितका कारभार चालविणाऱ्या मनुष्यानें विसाव्यासाठीं नदीकांठचा इतका शांत कोंपरा निवडावा, ह्यांत नवल नाहीं. घाटावरील त्या लहानशा घुमटींत वहिनींची घंटा आहे. १७०७ हें साल तिच्यावर कोरलेलें असून मेरी आणि बालयेशूची आकृति आहे, हीही वसईचीच. बनेश्वरच्याहून ती मोठी आहे, हें आम्हीं जाहीरपणें कबूल केलें.

परतीची वाट राजरस्त्याची. खंबाटकीचा बोगदा, शिरवळचा चहा, आणि मालमोटारींचे फवारे. त्याविषयीं लिहिण्याजोगें कांहीं नाहीं. घरीं पोंचलों तेव्हां साडेसात झाले होते. वहिनींनीं उतरल्यावर गुडघा धरून दोन मिनिटें कळ सोसली आणि पिशवींतून ती पत्र्याची डबी काढून जिन्याखालच्या कोनाड्यांत पूर्वींच्या जागीं ठेवली. दसऱ्यानंतर ती गाडीबरोबर जाणार कीं नाहीं, हें आम्हीं अद्याप विचारलेलें नाहीं.

आई झोपाळ्यावर डोळे मिटून जप करीत होत्या. आमची चाहूल लागतांच माळ थांबली.

“नारळ फोडलात?”

“हो.”

“गाडी कोठें बंद पडली?”

“मांढरदेवीच्या घाटांत,” आम्ही म्हणालों.

“प्लगच असेल,” आई म्हणाल्या, आणि माळ पुढें चालू झाली.